घरी न्या, सेवा करा

१

"आता इथे करण्यासारखे काही उरलेले नाही. घरी न्या, सेवा करा."

हे वाक्य आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेले असणार. इस्पितळाच्या व्हरांड्यात एका हातात केसपेपर आणि दुसऱ्या हातात फोटोंचे पाकीट धरून आपण उभे असतो, आणि पुढच्या खाटेकडे वळता वळता डॉक्टर हे सांगतो. तो माणूस वाईट असतो असे नव्हे. त्याच्या वॉर्डात खाटा थोड्या आणि रोगी फार असतात. पण सेवा म्हणजे नेमके काय, ती कुणी करायची, कशाच्या बळावर करायची, दुखले तर काय द्यायचे, रात्री दोन वाजता धाप लागली तर कुणाला विचारायचे, ह्यांतले काहीच त्या वाक्यात नसते.

२०२३ च्या मे महिन्यात हे वाक्य माझ्या वाट्याला आले. माझे वडील सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. मूळ गाव महाड तालुक्यातले. १९६७ साली, एकोणिसाव्या वर्षी, ते महार रेजिमेंटमध्ये भरती झाले. १९७१ ची लढाई त्यांनी पाहिली आणि २१ वर्षे नोकरी करून १९८८ साली ते पेन्शनवर आले. पुढे पनवेलजवळच्या एका कारखान्यात त्यांनी पहारेकऱ्याची नोकरी केली. त्या पेन्शनीवर आणि त्या पगारावर मी शिकलो, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो. वडिलांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला होता आणि तो पाठीच्या कण्यात व मांडीच्या हाडात पसरला होता. तेथून पुढे साडेचार महिने ते नवीन पनवेलमधल्या आमच्या दोन खोल्यांत होते. सप्टेंबरअखेर तेथेच गेले.

प्रस्तुत लेख म्हणजे वैद्यकीय सल्ला नव्हे. मी एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. पण त्या साडेचार महिन्यांत मला जे कळले, ते कुणी आधी सांगितले असते, तर वडिलांचे पहिले सहा आठवडे ज्या यातनांत गेले तसे ते गेले नसते. ते सहा आठवडे आता भरून येणार नाहीत. म्हणून हे लिहितो आहे.

२

रोग बरा होणे शक्य नसते तेव्हाही वैद्यकशास्त्राचे काम संपत नाही. वेदना, धाप, मळमळ, झोप नसणे, भीती आणि घरच्यांची ओढाताण कमी करणे हे एक स्वतंत्र शास्त्र आहे. त्याला आपल्याकडेही 'पॅलिएटिव्ह केअर' हेच नाव रुळले आहे. आयुष्याच्या अखेरच्या महिन्यांत दिली जाणारी ही सेवा म्हणजे हॉस्पिस. हॉस्पिस ही एखादी इमारत असू शकते, तसेच ते रोग्याचे घरही असू शकते.

ह्या शास्त्राला आजचे रूप दिले ते सिसिली साँडर्स ह्या बाईंनी. त्या आधी परिचारिका होत्या, मग इस्पितळात समाजसेविका झाल्या, आणि मरणाऱ्या माणसाच्या वेदनेकडे डॉक्टर लक्ष देत नाहीत हे पाहून स्वतः डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस काढले. वेदना केवळ शरीराची नसते, ती मनाची, संसाराची आणि माणसाच्या श्रद्धेचीही असते, हा त्यांचा सिद्धांत. भारतातले पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ साली मुंबईत बांद्र्याला सुरू झाले. पुण्यात वारज्याला सिप्लाचे केंद्र १९९७ साली निघाले. केरळने मात्र वेगळी वाट धरली. १९९३ साली कालिकतला काही डॉक्टरांनी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी स्थापन केली. पुढे मलप्पुरम भागात गावोगावचे शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी, रिक्षावाले ह्यांना थोडे शिक्षण देऊन आसपासच्या रोग्यांच्या घरी पाठवण्याची पद्धत रुजली. २००८ साली केरळ सरकारने त्यासाठी धोरणच जाहीर केले आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना हे काम दिले. मरणाऱ्याची काळजी हा तेथे रस्ता आणि नळ ह्यांच्यासारखा ग्रामपंचायतीच्या कामाचा विषय झाला.

आमच्याकडे मुंबईच्या एका संस्थेचे पथक येऊ लागले ते जूनच्या अखेरीस, तेही एका विद्यार्थिनीच्या आईने नंबर दिला म्हणून. पथकात एक डॉक्टर, एक परिचारिका आणि एक समाजसेविका. पंधरवड्यातून एक फेरी आणि मधल्या दिवसांत फोन. पहिल्या दिवशी ती मंडळी दीड तास बसली. वडिलांना तपासून झाल्यावर परिचारिका माझ्या आईकडे वळली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही जेवता कधी? झोपता कधी?" आई एकदम रडायला लागली. इतक्या दिवसांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. मीही नाही.

३

पहिला विषय वेदनेचा. वेदना मोजण्याची साधी रीत आहे. शून्य म्हणजे मुळीच नाही आणि दहा म्हणजे सहन होण्यापलीकडे, तर तुमची किती, असे रोग्याला विचारतात. आमच्याकडे ही रीत चालेना. परिचारिका विचारी, "बाबा, दहात किती?" वडील म्हणत, "ठीक है, मॅडम." कालच्यापेक्षा कमी की जास्त? "ठीक है." शेवटी आईच स्वयंपाकघरातून बोलली, "रातभर दात खातात, आन् इचारलं की ठीक हाय!"

वडिलांनी हे कुठे शिकले? एक तर सैन्यात. तेथे दुखते म्हणणारा जवान कामचुकार ठरतो. पण त्याच्याही आधी ते गावात शिकले होते. वरच्या आळीतून कुणी काही बोलले, मारले, तरी घरी येऊन गप्प बसायचे, हे आपल्या बापजाद्यांना वेगळे शिकवावे लागले नाही. सोसणे हा आपल्याकडे गुण मानला गेला. आपल्या आयांच्या सोसण्याविषयी आपणही कौतुकाने लिहीत आलो आहोत. त्या रात्री मला वाटले की ह्या कौतुकात काहीतरी चुकते आहे. ज्याला दुखते त्याने 'दुखते' असे म्हणणे, आणि ते ऐकून कुणीतरी काहीतरी करणे, ही माणूसपणाची पहिली पायरी आहे. सोसण्याला गुण मानणारा समाज औषधाची मागणीच करीत नाही.

परिचारिकेने मग प्रश्न बदलले. रात्री सलग किती तास झोप लागली? कूस वळताना मदत लागली का? नाश्ता बसून खाल्ला की पडून? ह्या प्रश्नांना 'ठीक है' हे उत्तर होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी सांगितली. पहिली पायरी पॅरासिटामॉलसारखी साधी औषधे, दुसरी कोडीन किंवा ट्रॅमाडॉल, आणि तिसरी मॉर्फिन. औषध शक्यतो तोंडाने द्यायचे आणि घड्याळाप्रमाणे द्यायचे. दुखेपर्यंत थांबून मग गोळी देणे ही आपली सवय चूक आहे. आधीच्या गोळीचा अंमल उतरण्यापूर्वी पुढची पोटात गेली पाहिजे. मॉर्फिनची साधी गोळी दर चार तासांनी देतात. मात्रा डॉक्टरच ठरवतात आणि वेदनेप्रमाणे वाढवतात. पहिले काही दिवस गुंगी येते, मळमळते, मग ते कमी होते. बद्धकोष्ठ मात्र जात नाही, म्हणून मॉर्फिनबरोबर जुलाबाचे औषध पहिल्या दिवसापासून द्यावेच लागते. हाडांतल्या वेदनेला किरणोपचाराची एक मात्राही पुष्कळांना आराम देते. पनवेल तालुक्यातच, खारघरला, टाटा मेमोरियल केंद्राचा कर्करोग संशोधनाचा आणि उपचारांचा परिसर आहे, हे आपल्या भागातल्या लोकांनी लक्षात ठेवावे.

मॉर्फिन म्हणताच मी घाबरलो होतो. वडिलांना व्यसन लागेल, ते लवकर जातील, असे मला वाटले. हे दोन्ही समज खोटे आहेत. डॉक्टरच्या देखरेखीखाली वेदनेसाठी योग्य मात्रेत घेतलेल्या मॉर्फिनने माणूस लवकर मरत नाही, आणि मरणाच्या दारातल्या रोग्याला व्यसनाची भीती दाखवणे ही क्रूर थट्टा आहे. पण खरी अडचण पुढेच होती. गोळी मिळेना. एका औषधांच्या दुकानात माझ्याकडे असे पाहिले गेले, की चिठ्ठी माझ्या हातात असूनही मला चोरासारखे वाटले. दुसरीकडे सांगितले की आम्ही ठेवत नाही. पथक आले तेव्हाच ती गोळी घरी आली. दुसऱ्या रात्री वडील सलग पाच तास झोपले.

ही टंचाई निसर्गाने केलेली नाही. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते. गाझीपूर आणि नीमच येथे सरकारचेच अफूचे कारखाने आहेत. पण १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने परवाने, नोंदवह्या आणि शिक्षा ह्यांची अशी तटबंदी उभी केली, की रुग्णालयांनी आणि दुकानदारांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. डॉक्टरांच्या पिढ्याच्या पिढ्या ते कसे द्यायचे हे न शिकता बाहेर पडल्या. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली, मॉर्फिनसारखी औषधे 'अत्यावश्यक' ठरली, आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला एकाच परवान्यावर ती ठेवता येऊ लागली. कायदा बदलला तरी भीती राहिली. ज्या देशाच्या शेतात वेदनेचे औषध पिकते, त्या देशातला गरीब माणूस दात खात मरतो. ह्याला नशीब म्हणायचे काय?

४

दुसरा विषय शरीराच्या सेवेचा, आणि तो आपल्या चर्चेत कधीच येत नाही, कारण तो घाणीचा विषय आहे.

खाटेवर पडून राहिलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. माकडहाड, टाचा, खुबे ह्यांवर दाब राहिला की कातडी लाल होते आणि पुढे जखम होते. लाल झालेल्या जागी चोळायचे नसते, दाब काढायचा असतो. हवेची गादी असेल तर उत्तम, पण गादी आहे म्हणून कूस बदलणे टळत नाही. चादर ओली किंवा चुरगळलेली ठेवायची नाही. माणसाला ओढायचे नाही, आडव्या चादरीवर घेऊन दोघांनी उचलून सरकवायचे. लघवीची नळी असेल तर पिशवी नेहमी कमरेच्या खाली राहिली पाहिजे. तोंड दिवसातून चारसहा वेळा मऊ ओल्या फडक्याने पुसायचे, ओठांना काहीतरी लावायचे. जेवणाचा आग्रह करायचा नाही. दोन चमचे पेज गेली तरी पुरे. ही सगळी कामे हाताने शिकावी लागतात. परिचारिकेने ती आम्हांला करून दाखवली, मग आमच्याकडून करवून घेतली.

'आमच्याकडून' असे मी लिहिले, पण ते पूर्ण खरे नाही. पहिले दोन महिने ती कामे आई आणि माझी पत्नी करीत होत्या. डोंबिवलीहून ताई येई ती शनिवार-रविवार. मी औषधे आणी, फॉर्म भरी, फोन करी. वडिलांचे भांडे उचलण्याची वेळ आली की मला कॉलेजात काहीतरी काम निघे. लाज वाटे, असे मी स्वतःला सांगत होतो. एके दिवशी आईची कंबर धरली आणि घरात मी एकटाच होतो. वडिलांनी तोंड भिंतीकडे वळवले. मी त्यांना धुतले, पुसले, कपडे बदलले. दोघेही बोललो नाही. नंतर ते म्हणाले, "बॅरेकीत समदे असंच करायचो. लाज कसली?" माझ्या मनात जे होते त्याचे नाव लाज नव्हते. त्याचे नाव विटाळ होते. ज्या शब्दाविरुद्ध मी वर्गात तासन्‌तास बोलतो, तो माझ्या हातांत बसलेला होता.

१८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर आमच्याच महाडकडचे, रावढळचे, आणि तेही सैन्यातले पेन्शनर. गावाचा विटाळ आपण ओळखला, त्याच्याशी लढलो. घरातला विटाळ आपण बायकांच्या अंगावर टाकून मोकळे झालो. भगवान बुद्धांची एक कथा विनयपिटकात आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडला होता आणि कुणी त्याच्याकडे पाहत नव्हते. बुद्धांनी आनंदाच्या मदतीने त्याला स्वतःच्या हातांनी धुतले, नीट निजवले, आणि मग संघाला आजाऱ्याच्या शुश्रूषेचा धडा दिला. विहारात आपण ही कथा ऐकतो. ऐकून घरी येतो आणि पाणी मागतो.

ह्या कामाची जात बाहेरही दिसते. ज्यांना परवडते ते ब्युरोतून मावशी आणतात, बारा तासांची ड्यूटी. ह्या मावशी कोण असतात? पुष्कळदा त्या आपल्याच वस्त्यांतल्या, किंवा आदिवासी पाड्यांवरून आलेल्या असतात. त्यांना रजा नाही, म्हातारपणाची सोय नाही. शिक्षण न देताच त्यांना खाटेपाशी उभे केले जाते. पूर्वी गावात कुणी मेले की मरणाची वर्दी घेऊन गावोगाव पायी जाणे, सरणासाठी लाकडे वाहणे, मेलेली गुरे ओढणे ही कामे महाराची होती, आणि त्यालाही 'सेवा'च म्हणत. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने गेली. मरणाभोवतीचे काम मात्र अजून त्याच हातांकडे येते आहे. घरी ते बाईकडे, बाहेर गरीब बाईकडे. सेवा हा शब्द किती गोड आहे! त्याच्या गोडव्यात मजुरी बुडते.

५

आता सैनिकाच्या कुटुंबाविषयी थोडे स्पष्ट सांगतो, कारण आपल्या पुष्कळ घरांत हे कागद ट्रंकेच्या तळाशी असतात आणि वेळेवर सापडत नाहीत.

माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे. तिला लोक तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ईसीएचएस म्हणतात. पेन्शन घेणारा सैनिक, त्याची पत्नी आणि अवलंबून असलेले कुटुंबीय ह्यांना तिच्यात दवाखाना, औषधे आणि ठरलेल्या रुग्णालयांत उपचार मिळतात. जे १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झाले त्यांना वर्गणीही भरावी लागत नाही. वडिलांचे कार्ड होते म्हणून इस्पितळाच्या खर्चात आम्ही बुडालो नाही, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. पण कार्ड इस्पितळाच्या दारापर्यंत नेते. घरी नेल्यानंतरचे दिवसाचे चोवीस तास आमचे होते.

ज्यांची नोकरी पंधरा वर्षांपेक्षा कमी झाली, अशा जवानांना साधारणपणे पेन्शन नाही आणि हे कार्डही नाही. आपल्या वस्त्यांत असे वृद्ध आहेत. पासष्ट वर्षांवरील अशा निर्धन माजी सैनिकांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाचे मासिक अनुदान आहे, आणि अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जातो. आपल्या जिल्ह्याचे ते कार्यालय अलिबागला आहे.

सर्वांत मोठा घोळ नावांचा. आईचे नाव गावात एक, लग्नात दुसरे ठेवलेले, सैन्याच्या नोंदीत तिसरेच कुणा कारकुनाने लिहिलेले. धर्मांतरानंतर काही घरांनी आडनावे बदलली. सैनिक जिवंत असताना पेन्शनच्या आदेशावर पत्नीचे नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे की नाही हे पाहून घ्यावे. चूक असेल तर रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे, आमच्या बाबतीत मध्य प्रदेशातील सागरला, अर्ज करून दुरुस्त करावी. तो गेल्यावर हेच काम दुखवट्यात बसलेल्या बाईला करावे लागते. खाटेवरच्या पेन्शनराला नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी उचलून नेण्याचीही आता गरज नाही. पोस्टाचा माणूस घरी येऊन तो काढून देतो. आणि एक गोष्ट कठोर वाटली तरी सांगतो. मृत्यूची खबर पेन्शन कार्यालयाला ताबडतोब द्यावी. मेलेल्या माणसाची पेन्शन काढत राहिले तर ती पुढे विधवेच्या पेन्शनीतून वसूल होते.

सैन्यसेवेमुळे शंभर टक्के अपंगत्व आलेल्या पेन्शनराला, त्याच्याजवळ सतत कुणी असावे लागत असेल, तर सोबतीच्या माणसासाठी वेगळा भत्ता देण्याचा नियम आहे. ह्याचा अर्थ काय? उशाशी बसणे हे काम आहे, आणि त्या कामाचे मोल असते, हे तत्त्व सरकारला मान्य आहे. मग ते लढाईत पाय गेलेल्याच्या उशापाशी खरे आणि कर्करोगाने हाडे पोखरलेल्याच्या उशापाशी खोटे कसे?

६

शेवटच्या दिवसांविषयी कुणी बोलत नाही, म्हणून घरचे लोक घाबरून ॲम्ब्युलन्स बोलावतात आणि माणूस रस्त्यात किंवा अतिदक्षता विभागात नळ्यांच्या जाळ्यात जातो. आम्हांला पथकाने आधी सांगून ठेवले होते. खाणे-पिणे थांबेल. तो जेवत नाही म्हणून मरत नसतो, मरणाकडे निघालेला असतो म्हणून जेवत नाही. ह्या वेळी सलाईनचा आग्रह धरला तर छातीत पाणी साठून धाप वाढू शकते. घशात घरघर होईल. ती आपल्याला ऐकवत नाही, पण त्याला तिचा त्रास होत असेलच असे नाही. त्याला कुशीवर करा. हातपाय गार पडतील. श्वास थांबून थांबून येईल. बोलत राहा, कारण त्याला ऐकू येत असण्याचा संभव असतो.

रात्री वडील बरळत. कधी हिंदीत हुकूम देत, कधी "गाडी आली का" विचारत. मी आधी त्यांना समजावत असे की तुम्ही घरी आहात. आईची रीत बरी होती. ती म्हणे, "आली गाडी. समदे बसले. तुमी वाईच कुशीवर व्हा." आणि ते होत.

आपल्याला यंत्रावर ठेवू नका, असे वडिलांनी शुद्धीत असताना सांगितले होते. ही इच्छा कायद्यालाही मान्य आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ सालच्या हल्ल्यानंतर बेचाळीस वर्षे अंथरुणावर होत्या, आणि तेथील परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांच्या संदर्भात २०११ साली सर्वोच्च न्यायालयात हा प्रश्न आला. २०१८ साली न्यायालयाने सन्मानाने मरणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. जानेवारी २०२३ मध्ये रीत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर लिहून, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ती इच्छा नोंदवता येते.

घरी मृत्यू झाला की कारणाचा दाखला लागतो, नमुना ४ अ. तो अखेरच्या आजारात उपचार करणारा डॉक्टर देतो. म्हणून जवळपासच्या एखाद्या डॉक्टराला रोग्याचे कागद आधीच दाखवून ठेवावेत. नाहीतर प्रेत घरात ठेवून डॉक्टर शोधत फिरावे लागते. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करावयाची असते.

वडील पहाटे गेले. आई त्यांचा हात धरून होती. त्यांना दुखत नव्हते.

७

शेवटी एका जुन्या प्रसंगाकडे वळतो. सुभेदार रामजी सकपाळ सैन्यातून पेन्शनवर आले आणि त्या पेन्शनीतून त्यांनी मुलगा शिकवला. वडील आजारी असल्याचे कळले तेव्हा भीमराव बडोद्याला नोकरीवर होते. येताना वडिलांसाठी मिठाई घ्यायला ते सुरतेच्या स्टेशनवर उतरले आणि त्यांची गाडी चुकली. मुंबईला पोहोचले तेव्हा थोडाच वेळ उरला होता. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी गेले. हा प्रसंग आपण भाषणांतून सांगतो आणि आपले डोळे भरून येतात. पण आपल्या मनात येतो तो चुकलेल्या गाडीतला मुलगा. त्या दिवसांत म्हाताऱ्या सुभेदाराच्या उशाशी कोण बसले होते, पाणी कोण पाजत होते, हे आपण विचारतच नाही.

सैनिकी पेशाने आपल्या समाजाला पहिली पेन्शन दिली, पहिली अक्षरे दिली. म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद झाली तेव्हा अर्ज-विनंत्या झाल्या. म्हणूनच पहिल्या महायुद्धात उभारलेली १११ महार पलटण १९२१ साली मोडली तेव्हाचे दुःख आपल्या आठवणीत राहिले. म्हणूनच १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा त्यामागे बाबासाहेबांचे प्रयत्न होते. पेन्शन ही कुणाची दया नव्हती, तो कमावलेला हक्क होता. आपली पुढची मागणीही त्याच जातीची असली पाहिजे. वेदनेवरचे औषध हा हक्क आहे. घरी येणारी परिचारिका हा हक्क आहे. उशाशी बसणाऱ्या बाईला विश्रांती, शिक्षण आणि मोल हा हक्क आहे. 'घरी न्या' असे म्हणणाऱ्या व्यवस्थेने घरापर्यंत आपल्याबरोबर चालत आले पाहिजे.

हे होईपर्यंत आपण काय करायचे? पनवेल ही १८५२ सालापासूनची नगरपालिका, २०१६ पासून महानगरपालिका. केरळमधल्या लहानशा ग्रामपंचायतीला जे जमते, ते ह्या महानगरपालिकेकडे मागायला आपण जायला हवे. महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेची पथके आहेत. झाडे लावण्याबरोबर आठवड्याचे दोन तास एखाद्या घरी बसून तिथल्या बाईला झोपू देणे, हेही विद्यार्थ्यांना शिकवता येईल. गेल्या वर्षापासून आमच्या कॉलेजातले नऊ विद्यार्थी हे करतात. त्यांत पाच मुलगे आहेत. पहिल्या दिवशी मी त्यांना कूस बदलायला शिकवतो, व्याख्यान देत नाही. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी पोराला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन डॉक्टर यशवंतांच्या दवाखान्यात पोहोचवले आणि त्यातच त्यांना मरण आले, हे मी त्यांना सांगतो. वारसा सांगायचाच असेल तर तो हातांनी सांगावा.

आईला आता कुटुंब पेन्शन मिळते. नावाची दुरुस्ती वेळेवर झाली होती. परवा शेजारच्या इमारतीतली एक बाई तिला विचारायला आली, की नवऱ्याला इस्पितळातून घरी न्यायला सांगितले आहे, सेवा करा म्हणाले, म्हणजे काय करायचे असते? आईने तिला बसवले, चहा दिला आणि विचारले, "तू झोपतेस कवा?"